शेजारची सीट

ॲव्हरेज सुधारलं नाही तर त्याची जुनी, दणकट इंजिनाची स्पोर्ट्स कार विकायची, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. प्लग, एअर फिल्टर, सेन्सर बदलूनही गाडी पेट्रोल ढोसतच राहिली. मग वजन कमी करायचं म्हणून त्याने डिकी रिकामी केली आणि बायकोला आठवडाभर बसने पाठवलं. ॲव्हरेज चक्क वाढलं.

"बघ, तुझ्या वजनाचा प्रताप," तो म्हणाला.

"वजनाचा कसला? मी शेजारी नसले की सिग्नल सुटल्यावर गाडी पळवत नाहीस तू. दाखवणार कोणाला?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"ठेव गाडी," ती हसत म्हणाली. "मी बसनेच जात जाईन."

त्याने किल्ली बोटावर फिरवली.

"नको. विकूनच टाकू."