कॅमेऱ्याची उंची

बिल्डिंगच्या दाराशी व्हिडिओ इंटरकॉम बसत होता. सेक्रेटरी भिंतीजवळ ताठ उभे राहिले. "कॅमेरा माझ्या डोळ्यांसमोर आला पाहिजे." फिटरने तसाच लावला. दुसऱ्याच दुपारी त्यांच्या घरी बेल वाजली. पडद्यावर नुसता रस्ता. "कार्ट्यांचा चावटपणा!" म्हणत त्यांनी बेल बंद केली. पुन्हा वाजली, पुन्हा बंद केली. संध्याकाळी फिरायला उतरले, तर दाराबाहेर व्हीलचेअरवर थोरली बहीण! "ताई, पडद्यावर कुणीच नव्हतं!" "मी होते की. तुझा कॅमेरा माझ्या डोक्यावरून बघत होता." सेक्रेटरींचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळी फिटर आला, तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. "आता लाव माझ्या डोळ्यांसमोर." आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या. "अहो, पडद्यावर नुसती पोटं दिसतात! पाहुण्यांनी काय वाकून बोलायचं?" सेक्रेटरी म्हणाले, "वाकता येतंय ना? मग वाकू देत."