बेर्डे आजींच्या पोटातली गोळी

वृद्धाश्रमातल्या गोळ्या पोटात पोचल्या की कुणाच्या पोटात आहेत ते कळवत. आज एक गोळी परिचारिका हेमांगीच्या मनगटावरच्या पट्टीतून बोलली, "मी कर्णिकांची गोळी. बेर्डे आजींच्या पोटात आहे."

हेमांगीने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी लगेच उताऱ्याचं औषध दिलं, म्हणून आजी वाचल्या. चौकशीत त्या म्हणाल्या, "मीच उचलली शेजारच्या ताटातली कर्णिकांची गोळी. पोरीला बोलू नका." हेमांगी गप्प राहिली.

वृद्धाश्रमाच्या संगणकाने आजींना विसरभोळ्या ठरवलं आणि त्यांचं जेवण सगळ्यांपासून वेगळं, बंद खोलीत लावलं. चौथ्या दिवशी ताट घेऊन आलेल्या हेमांगीला आजी म्हणाल्या, "एकटीला घास उतरत नाही गं. बस जरा."

हेमांगीला बसवेना. ती तडक डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "ती गोळी मी दिली होती."