अडुळशाचा काढा

अडुळशाचा काढा पोटात गेला आणि कित्येक महिन्यांनी हेमांगीची छाती मोकळी झाली. पण तब्येतीवर पाळत ठेवणाऱ्या, दंडात बसवलेल्या चिपला रक्तात परवानगी नसलेली वनस्पती सापडली आणि घराच्या दाराला आपोआप कुलूप लागलं.

"दम्याची गोळी घ्या, मगच दार उघडेल," भिंतीतून आवाज आला.

काढा देऊन नुकतीच बाहेर पडलेली नणंद शकू दारापलीकडून ओरडली, "वहिनी, घेऊ नकोस! ती गोळी अंगातलं पोटॅशियम ओढून घेते. पायात गोळे येऊन पडशील."

"खाली मांडवात लेक उभी आहे गं. मुहूर्त टळेल." हेमांगीनं गोळी गिळली.

दार उघडलं. उंबऱ्यातच तिच्या पोटऱ्या वळल्या आणि ती खाली बसली. खालून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली.

"जा शकू," ती कशीबशी म्हणाली, "माझ्याही अक्षता तूच टाक."