गोठ्यातली मरिया

नाताळला वाडीतल्या चर्चमध्ये जिवंत गोठा, म्हणजे खरी माणसं घेऊन येशूजन्माचा देखावा, करायचं ठरलं आणि बाळ येशू म्हणून रोविनाचा दीड महिन्याचा मुलगा सगळ्यांनी एकमताने निवडला. येशूची आई मरिया व्हायला रोविनाही तयार होती. पण तालीम घेणाऱ्या कार्मेलीनबाय तिला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, "तुझा पोट अजून सुटलेला आसा गो. लोक हसतले." आणि मरियेची निळी ओढणी कॉलेजात जाणाऱ्या बारीक शेर्लिनच्या डोक्यावर गेली.

शेवटच्या तालमीला बाळ शेर्लिनच्या मांडीवर दोन मिनिटंही टिकलं नाही. रडून रडून लाल झालं. खाली बाकावर बसलेल्या रोविनाचा ड्रेस दुधाने भिजला.

"रोविना, तेका पडद्यामागे घेवन जा. दूद पाज आणि गप झालो की हाडून हिच्याकडे दी," कार्मेलीनबायनी फर्मावलं.

रोविना उठली, ती सरळ स्टेजवर चढली. शेर्लिनच्या डोक्यावरची ओढणी काढून तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली, पेंढ्यात फतकल मारून बसली आणि मुलाला छातीशी धरलं.

"अगो, पोट झाक तरी," कार्मेलीनबाय खालून ओरडल्या.

"कित्याक?" रोविनाने मानही वर केली नाही. "हेका जल्म देवन माका दीड म्हयनो झालो. तुमच्या मरियेक अजून एक रात उलटूक नाय. तिचा पोट खंय गेला, ता आधी माका सांगा."