काँगो लाल

"या शालीचं टोक निळं कुणी केलं?"

अंगणातल्या दोरीवर आईची शाल उन्हात टाकणारी मुलगी दचकली. दारात बाबा उभे होते. जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात काढलेले बाबा, आई गेल्यापासून कुणाशी धड बोलले नव्हते.

"बाबा, मी..."

"बादलीभर पाणी आण. आणि धुण्याचा सोडा."

तिने आणून ठेवलं. बाबांनी बाह्या वर सारल्या, सोडा विरघळवला आणि शालीचं निळं टोक पाण्यात बुडवलं.

"घाबरू नकोस. हा काँगो लाल. दगडी कोळशाच्या डांबरातून माणसानं काढलेला रंग. सुती कापडावर चटकन चढतो, पण आंबट लागलं की निळा पडतो. सोडा मिळाला की पुन्हा लाल! आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो. सारखी मर्जी राखावी लागते."

तिला काही सांगायचं होतं. पण इतक्या दिवसांनी बाबा बोलत होते. तिने त्यांना बोलू दिलं.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुझ्या आईनं या शालीवर लिंबाचं सरबत सांडलं. रडून रडून डोळे सुजवले. मी सोडा घालून शाल लाल केली. मग काय, बाईसाहेबांना युक्तीच सापडली! भांडण झालं की अबोला. आपणहून बोलेल तर शपथ. पण एखाद्या दिवशी कामावरून यावं, तर शाल दोरीवर आणि टोकाला लिंबू पिळलेलं. ओळखायचं, राग गेला. मी निमूट बादली भरायचो."

बाबा हसले. मग पाण्यातले त्यांचे हात थांबले.

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीही भांडलो. कशावरून, तेही आठवत नाही. तिथंही ती गप्प आणि मीही हट्टी. ती शाल पांघरून पडलेली असायची, उशाशी सरबताचा पेला. मी रोज टोकं बघायचो. लालच. शेवटच्या रात्री नर्सनं मला घरी पाठवलं. सकाळी गेलो तर सगळं संपलेलं. राग मनात धरूनच गेली गं ती."

त्यांनी शाल वर उचलली. टोक लालभडक झालं होतं.

मुलगी त्यांच्याशेजारी उकिडवी बसली.

"बाबा, मी लिंबू लावलंच नाही. नर्सनं दिलेली आईची पिशवी मी आज पहिल्यांदा उघडली. आतल्या शालीचं टोक निळंच होतं."