कमी उजेडाची झाडं

"बाबा, किती अंधार हा! दिवा तरी लावा," चपला काढता काढता मुलगी म्हणाली.

"सवय झाली," म्हणत बाबांनी दिवा लावला.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्याच्या कडेला, टीव्हीशेजारी, जिथे तिथे कुंड्या. तलवारीसारखं ताठ स्नेक प्लांट, चकचकीत पानांचं झीझी, ठिपक्यांचं अग्लोनेमा, कपाटावरून लोंबणारा मनीप्लांट. बाल्कनीच्या दारावर जाड तपकिरी पडदा होता. त्याच्या कडा बाबांनी टाचण्या मारून चौकटीला पक्क्या केल्या होत्या.

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि ओल्या फडक्याने पानं पुसू लागले. जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा पुसलेल्या. हात तसाच फिरत होता, गोल गोल, घाई न करता.

आई गेली तेव्हा बाल्कनीत जाई होती, शेवंती होती, मिरचीची दोन रोपं होती. सगळं तिनेच लावलेलं. बाबांनी ते दार पुन्हा उघडलंच नाही, आणि सगळं जागच्या जागी वाळून गेलं. सुरुवातीला माणसं येऊन गेली, हळू आवाजात बोलली. शेजारच्या वहिनी डबा द्यायच्या. "झालं ते झालं, भाऊजी. स्वतःला जपा." बाबा डबा घासूनपुसून परत करायचे. रडले मात्र नाहीत. भूक लागली की जेवायचे, झोप आली नाही तरी पडून राहायचे.

मग एक दिवस ते नर्सरीत गेले.

"घरात ऊन किती येतं?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"येत नाही."

"थोडंफार तरी?"

"नाही."

नर्सरीवाल्याने झीझीची कुंडी पुढे सरकवली. "मग हे न्या. याला विसरलात तरी चालतं."

बाबांनी दोन घेतली.

"आता पुढच्या महिन्यात बाळ येईल," मुलगी पोटावर हात ठेवत म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे चला. कायमचे."

"यांना कोण बघणार?"

"यांनाही नेऊ. टेम्पो सांगते."

"तुझ्याकडे ऊन फार. पानं करपतील." बाबांनी एका कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघितलं. "ओली आहे अजून. लोकांना वाटतं, पाणी कमी पडलं म्हणून झाड मरतं. उलट जास्त झालं की मुळं कुजतात."

"मी झाडांबद्दल बोलत नाहीये, बाबा."

"मी झाडांबद्दलच बोलतोय."

मुलगी सोफ्याला टेकून सावकाश जमिनीवर बसली.

"आई गेली तेव्हा मलाही लागलं," ती म्हणाली. "मीही खूप रडले. पण दारं लावून नाही बसले. तुम्ही अजून त्याच दिवसात बसलाय."

"मी कुठे काय म्हणतोय? मला काही वाटत नाही."

"तेच तर. काही वाटू दे ना!"

बाबांनी फडकं पिळलं आणि पुढचं पान हातात घेतलं.

मुलगी उठली. पडद्यापाशी गेली आणि नखांनी एकेक टाचणी काढू लागली.

"नको," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही. "त्यांना सोसणार नाही."

"एकदाच. नाही सोसलं तर मीच परत लावते."

तिने पडदा सरकवला. कडी गंजली होती. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर दार करकरत उघडलं. ऊन थेट हॉलमध्ये शिरलं आणि पानांवरचा ओलावा चमकला. बाबांनी मान वर केली नाही. मुलगी वाळक्या काटक्यांच्या कुंड्या ओलांडून कठड्याशी गेली.

खाली अरुंद गल्ली होती. पलीकडच्या इमारतीत, अगदी हाकेच्या अंतरावर, एक बाई पुरुषाचा शर्ट झटकून दोरीवर टाकत होती. तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आई," मुलगी पुटपुटली.

"आलीस का गं?" समोरून आवाज आला. "जेवायला इकडेच ये! हेही घरीच आहेत."