चढलेले प्रवासी

सकाळी सहापासून तो गावच्या एसटी थांब्यावर फॉर्म घेऊन बसला होता. जिल्ह्याच्या तीस वर्षांच्या वाहतूक आराखड्यासाठी प्रवासी मोजायचे होते. जिथे जास्त चढतील, तिथेच गाड्या मिळणार होत्या.

सात मुली दप्तरं घेऊन समोरून चालत गेल्या.

“शाळा नऊ किलोमीटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी इथली एकुलती बस बंद झाली, तेव्हा एकोणीस जणी होत्या,” चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या.

“बाकीच्या?”

“लग्नं लावली. माझ्या थोरलीचंही.”

संध्याकाळी सातही जणी पायीच परतल्या. मावशींनी न मागता त्याच्यापुढे चहा ठेवला.

“आता बस येईल ना? धाकटी जूनमध्ये आठवीला जाईल.”

त्याने फॉर्म पुन्हा वाचला. चालणाऱ्यांसाठी त्यात रकाना नव्हता.

“येईल,” तो म्हणाला, आणि ‘चढलेले प्रवासी’ या रकान्यात त्याने शून्य लिहिलं.